तोंडातली पट्टी

पेन्सिलीएवढा खुंट घ्यावा. त्याहून बारीक घेतला तर कलम तग धरत नाही, जाड घेतला तर पाचर नीट बसत नाही.

*

बाजाराच्या गावाला जाणाऱ्या बसचं मागचं दार दोरीने बांधलेलं असतं. कंडक्टर दर थांब्याला गाठ सोडतो, पुन्हा मारतो. चुकीची मारतो.

*

शाळेचा अर्ज, रकाना सहावा: बालक किती शब्द बोलते? पुढे अंगठ्याच्या नखाएवढी चौकट.

*

"आमच्या घराण्यात उशिराच वाचा फुटते. हिचा आजोबा पाच वर्षांचा होईस्तोवर मातीचा गोळा होता नुसता. मग जो सुरू झाला तो डोळे मिटेपर्यंत थांबला नाही. मिटल्यावरसुद्धा मला वाटलं, आता काहीतरी म्हणणार." हे सासूबाईंचं.

*

थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. तोवर आपलं तोंड उघडायचं नाही.

*

पा. नको. आणि सात प्रकारचं हं.

*

हे सगळं एकाच बाईच्या डोक्यात एकाच वेळी चाललेलं असायचं, आणि हात मात्र आपले कलमं बांधत असायचे. रोपवाटिकेत कलमं बांधणाऱ्या आठ बाया होत्या, पण कलमवाली म्हटलं की हीच. दिवसाला दोनशे कलमं बांधायची आणि शंभरातली नव्वद जगवायची. मालक पाहुण्यांना तिचे हात दाखवायचा, जसं कुणी घरातलं जुनं घड्याळ दाखवावं.

हिरव्या जाळीखाली ओळीने लाकडी पाट. पाटावर बाई, पुढ्यात मातीच्या पिशव्यांतली रोपं. खुंटाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासायची आणि चिरेत बसवायची. एका हाताने जोड दाबून धरायचा, दुसऱ्या हातात सुरी. मग बांधायची प्लास्टिकची पट्टी ठेवायची कुठे? दातांत. खाली ठेवली तर माती लागते आणि जोड सडतो. म्हणून तिथला एकच कायदा होता: तोंडात गेलेली पट्टी कलमावरच उतरायची. तोवर आग लागली तरी बोलायचं नाही.

बाया हुंकारांवर आणि भुवयांवर दिवस काढायच्या. पहिलं हं म्हणजे जमलं. चौथं म्हणजे जाड आहे, दुसरं दे. सातवं म्हणजे मालक आला.

खारू बसायला लागली तेव्हापासून आईच्या गुडघ्याशी होती. आता सहा वर्षांची. बिया गालात साठवायची म्हणून खारू, आणि तेच नाव पडलं. खुंटावरून नुसता अंगठा फिरवून ती जाड-बारीक निवडून द्यायची. हुंकार सातही यायचे. शब्द दोन.

"आईच्या तोंडात दिवसभर पट्टी, मग पोरीने शिकायचं कुणाकडून?" हे शेजारीण बोलली, नणंद बोलली, पीठ दळणारा बोलला. कलमवालीच्या मनात ते काट्यासारखं मोडून बसलं होतं. शेवटी तिने बोलाबाईंना विचारलं. बोलाबाई म्हणजे दर गुरुवारी मोठ्या दवाखान्यात मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाई. हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं.

"तुमच्याबरोबर काम करणाऱ्या बायांची मुलं बोलतात का?" बोलाबाईंनी विचारलं.

"बोलतात? डोकं उठवतात!"

"मग? पट्टीचा काही दोष नाही. काही मुलांना वेळ लागतो, मदत लागते. कान तपासले, कान उत्तम आहेत. तुम्ही फक्त तिने मागायच्या आधी देऊ नका. थांबा. दहापर्यंत मोजा."

तीन महिने झाले होते मोजून मोजून. कलमवालीने आयुष्यात एवढे आकडे कधी मोजले नव्हते.

*

सोमवारी मायलेकी शाळेत गेल्या. हेडमास्तर ब्लेडने पेन्सिल तासत बसले होते. ब्लेड बोथट होतं आणि लाकडाचे लचके निघत होते. कलमवालीला ते बघवेना. पेन्सिल ओढून घेऊन एका झटक्यात टोक काढून द्यावंसं तिला वाटत होतं. पण जागा मागायला आलेल्या माणसाने हात आवरावेत.

"नाव काय बाळ तुझं?"

खारू पेन्सिलीकडे बघत होती. आई मोजू लागली. एक, दोन, तीन.

"घाबरलीय का? नाव सांग बरं. मोठ्याने. नाव, नाव!"

"गुरुजी, जरा थांबा."

"थांबलोच आहे की."

थांबले कुठले! त्यांचा पाय टेबलाखाली शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत होता. खारू पुढे झाली, तिने पेन्सिल उचलली, अंगठा फिरवला आणि पहिलं हं केलं. मग पेन्सिल आईच्या हातात दिली.

हेडमास्तरांनी ती परत घेतली. "हे बघा ताई, मी काही वाईट माणूस नाही. पण वर्ग एक, बाई एक, पोरं तीस. शनिवारी यादी बंद होते. त्याआधी दोन गोष्टी करा. हिने निदान स्वतःचं नाव सांगितलं पाहिजे, म्हणजे मला वर सांगता येईल की मुलगी वर्गात बसण्याजोगी आहे. आणि मोठ्या दवाखान्याचा दाखला आणा, म्हणजे हिच्यासाठी मदतनीस बाई मागता येईल."

"आणि नाही जमलं तर?"

"तर वेगळी शाळा आहे. चांगली आहे. राहायची सोयसुद्धा आहे."

"कुठे?"

"बसने सहा तास."

"गुरुजी, हिचे केस अजून मी विंचरते."

"ते तिथे विंचरतात," हेडमास्तर म्हणाले, आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले.

परतीच्या वाटेवर कलमवाली सगळा रस्ता बोलत होती. हेडमास्तरांना, ब्लेडला, उन्हाला, तीस पोरांना आणि त्यांच्या आयांना. खारू मध्येच थांबून काटक्या उचलत होती. "तुला काय ग, तू मजेत," आई म्हणाली. "तुझ्या वाटचं सगळं मलाच बोलावं लागतं."

*

"अहो, गुरुवारी तुम्ही चला ना बरोबर. दाखल्याची तपासणी आहे." कलमवाली नवऱ्याला म्हणाली. तो त्याच रोपवाटिकेत पाणी द्यायचा.

"मग पाणी कोण देणार? चार हजार रोपं आहेत."

"त्या चार हजारांतलं एक तरी बोलतं का? पण त्यांची केवढी काळजी!"

नवऱ्याने नुसतं हं केलं. सासूबाई मातीच्या पिशव्या भरता भरता म्हणाल्या, "त्याला कशाला छळतेस? तिथे जाऊन तोही हंच करणार."

मालकाकडे सुट्टी मागितली तर तो म्हणाला, "मोसम चाललाय. कलमाला सुट्टी कळते का?" मग खारूकडे बघून म्हणाला, "आणि पोरगी शाळेत गेली तर खुंट कोण निवडणार?" थट्टाच होती, सुट्टी तर दिलीच. तरी कलमवालीने पुन्हा दातांत घेतलेली पट्टी कराकरा वाजली.

*

बुधवारी सकाळी खारू नळाशी आली आणि म्हणाली, "पा."

आईने तोटीवर हात ठेवला. सोडली नाही. मोजायला लागली. मागे सात बाया दातांत पट्ट्या धरून बघत होत्या, कारण हा खेळ रोजचाच होता. सहा, सात. खारूने हात ओढला. आठ. खारूने पाय आपटला. नऊ. मग तिने स्वतःच्या छातीवर थाप मारली, जशी तीन महिने आई तिच्या छातीवर मारत आली होती.

"मी खारू."

सात तोंडं उघडली आणि सात पट्ट्या मातीत पडल्या.

"अगं बाई! बोलली ग!"

"पुन्हा म्हण, पुन्हा म्हण!"

"सात पट्ट्या वाया घालवल्यास ग भवाने," सगळ्यांत म्हातारी मावशी म्हणाली, आणि डोळे पुसायला लागली.

कलमवालीने तोटी एवढी जोरात सोडली की दोघी भिजल्या. नवरा लांबून पाइप घेऊन धावत आला. काय झालं ते कळल्यावर पाइप तसाच धरून उभा राहिला. त्याच्या पायावर पाणी चाललं होतं, आणि ते त्याला कळत नव्हतं.

त्यानंतर खारू थांबेना. कुत्र्याला मी खारू. आजीला मी खारू. विळ्याला, बादलीला, मालकाच्या मोटारीला मी खारू. गुरुवारी बसमध्ये कंडक्टरला चार वेळा. पाचव्या वेळी तो म्हणाला, "कळलं ग माझे आई, तिकीट नाही मागत तुझं."

*

दवाखान्याच्या पडवीत चाळीस-एक मुलं आणि त्यांच्या आया. बोलाबाई नेमक्या आज रजेवर होत्या. बाकावर शेजारी एक सायकल दुरुस्त करणारा बसला होता. नखांत वंगण, मांडीवर सात-आठ वर्षांचा मुलगा.

"मी खारू," खारूने त्याला सांगितलं.

"अरे वा! बोलते की," सायकलवाला म्हणाला. मग आवाज उतरवून कलमवालीला म्हणाला, "ताई, रागावू नका. आत हिला बोलू देऊ नका."

"का हो?"

"गेल्या वर्षी माझा हा आत गेला आणि 'दादा' म्हणाला. एकच शब्द. वर्षभर घरी एकदा म्हणाला नव्हता, आणि तिथे म्हणाला. डॉक्टरांनी लिहिलं, बोलतो. झालं. बोलतो म्हटल्यावर मदत कसली? एक वर्ष गेलं ताई. आज पुन्हा आलोय." त्याने मुलाच्या केसांतून हात फिरवला. "सकाळपासून देवाला म्हणतोय, आज गप्प राहू दे रे बाबा. बाप असून."

तीन महिने ओढून ओढून काढलेला शब्द, तो आता आत ढकलायचा? पण मदतनीस बाई नसेल तर तीस पोरांच्या मागे ही भिंतीकडे तोंड करून बसणार, हेही तिला दिसत होतं.

"खारू, आत बोलायचं नाही हं. गप्प."

"मी खारू."

"हो ग. पण आत नाही."

"मी खारू!"

आतून शिपाई ओरडला. त्यांचाच नंबर होता. मग कलमवालीने जे केलं ते दुसऱ्या कुठल्या आईला सुचलं नसतं. कमरेच्या पिशवीत कामाच्या पट्ट्या होत्या, त्यातली एक काढून तिने पोरीच्या दातांत दिली.

खारूचा चेहराच बदलला. इतकी वर्षं ती खुंट देत आली होती, पट्टी तिला कुणी दिली नव्हती. मान ताठ करून, भुवया एकत्र आणून ती आत गेली. मोठ्या बायांसारखी.

*

डॉक्टर थकलेले होते. चहावर साय धरली होती. त्यांनी चित्रं पुढे ठेवली. गाय दाखव. दाखवली. कुलूप दाखव. दाखवलं. पाऊस कुठे पडतोय? दाखवला.

"आता हे काय आहे, सांग."

काही नाही.

"घरी काय बोलते?"

"काही नाही," कलमवाली म्हणाली.

"तोंडात काय आहे तिच्या?"

"पट्टी. सवय आहे."

डॉक्टर भराभर लिहायला लागले. कलमवाली सातवीपर्यंत शिकलेली होती आणि रोपांच्या पाट्या पलीकडून उलट्या वाचायची तिला सवय होती. तिने उलटं वाचलं: बोलत नाही. वस्तू तोंडात घालते. वेगळ्या निवासी शाळेत पाठवा—

"साहेब, थांबा! बोलते ती!"

डॉक्टरांनी मान वर केली. "बाई, आत्ता तुम्हीच म्हणालात काही नाही."

"खोटं म्हणाले."

"का?"

"का म्हणजे? शाळा म्हणते, बोलली नाही तर जागा नाही. इथे म्हणे बोलली तर मदत नाही. साहेब, पोरीने कुठल्या टेबलापुढे तोंड उघडायचं आणि कुठल्या टेबलापुढे मिटायचं, त्याची एकदा यादी करून द्या. मी तसं शिकवते. तुम्हा लोकांना एकमेकांना विचारता येत नाही, तर तिच्या एवढ्याशा तोंडाने काय काय सांभाळायचं?"

आवाज पडवीपर्यंत गेला असावा, कारण बाहेरच्या दोन-चार आया दारातून डोकावल्या.

"मग बोलू दे," डॉक्टर म्हणाले. रागाने नाही, थकून.

"खारू, बोल. पट्टी काढ."

खारूने दात आवळले. आईने पट्टीचं टोक धरून ओढलं. खारूने मान हलवली आणि आईकडे असं बघितलं, जसं कुणी अडाणी माणसाकडे बघावं. तोंडात गेलेली पट्टी मध्येच काढतात का?

शिपाई हसला. कलमवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कायदा तिचाच होता.

"साहेब, तुमचं पेन द्या. आणि ती पेन्सिल."

"कशाला?"

"द्या हो!"

तिने पेनावर पेन्सिल उभी टेकवली आणि जोड चिमटीत धरून पोरीपुढे केला. खारूने वाकून बघितलं. पेनावरून अंगठा फिरवला, मग पेन्सिलीवरून.

"हं," ती म्हणाली. चौथं.

"काय म्हणते?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेन जाड आहे म्हणते. दुसरी पेन्सिल असेल तर बघा."

डॉक्टरांनी खण उघडला, कागद उपसले, आणि एक जुनी पेन्सिल शोधून काढली. खारूने तिच्यावरूनही अंगठा फिरवला. पहिलं हं. मग तिने दातांतली पट्टी काढली आणि खालून वर बांधायला घेतली. प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर, मध्ये कुठे वारा जाईल एवढीही फट नाही. शेवटचं टोक आतून काढून तिने गाठ ओढली. दोन पेन्सिलींची एक सरळ काडी झाली.

डॉक्टरांनी बोलायला तोंड उघडलं. कलमवालीने तळहात वर केला. रोपवाटिकेत याचा अर्थ थांब, हलू नकोस, असा होतो. डॉक्टर थांबले. चार, पाच, सहा, सात.

"मी खारू," खारू म्हणाली, आणि काडी त्यांच्या हातात दिली.

डॉक्टर कागदाकडे बघत बसले. चौकटी दोनच होत्या: बोलते, बोलत नाही. आधीचं लिहिलेलं त्यांनी खोडलं, आणि समासात, वरून खाली, बारीक अक्षरात लिहायला लागले. थोडे बोलते. सर्व समजते. गावच्याच शाळेत बसवावे. मदतनीस आवश्यक.

"साहेब," शिपाई म्हणाला, "कडेला लिहिलेलं वर घेत नाहीत."

"मग त्यांना म्हणावं, चौकटी वाढवा," डॉक्टर म्हणाले, आणि समासावर शिक्का मारला. अर्धा शिक्का टेबलावर उमटला. मग कलमवालीकडे बघून म्हणाले, "पुन्हा तिचं तोंड बंद करू नका, बाई."

बाहेर सायकलवाला उठून उभा राहिला. "काय झालं ताई?" त्याचे आभार मानावेत की त्याला चार शिव्या द्याव्यात, ते तिला कळेना. "समासात लिहायला सांगा," एवढंच ती म्हणाली.

*

बसमध्ये खारू एक शब्द बोलली नाही. कंडक्टरने स्वतःहून विचारलं, "काय ग, तू कोण?" तिने दाराच्या दोरीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

शुक्रवारीही नाही. नळाशी आली, पा म्हणाली, आईने मोजलं. वीस झाले, तीस झाले. खारू न पिताच निघून गेली. कलमवालीने पट्टी दातांत घेतली आणि तिला ओकारी आली. त्या दिवशी तिने ऐंशीच कलमं बांधली, आणि तीही वाकडी.

"मीच बांधून टाकलं तिचं तोंड," ती संध्याकाळी म्हणाली.

"बांधलेलं फुटतं की मग," सासूबाई म्हणाल्या. "कलम बांधल्यावर दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून बघतेस का, जोड धरला का म्हणून?"

"उद्या यादी बंद होते, आई. कलमाला यादी नसते."

नवरा चटकन उठला आणि खारूचे उद्याचे कपडे स्वतः धुवायला घेऊन गेला. नीट पिळले नाहीत, म्हणून सकाळी ते ओलेच होते.

*

शनिवारी हेडमास्तरांनी दाखला आधी सरळ वाचला, मग आडवा धरून समास वाचला.

"हे कडेला लिहिलंय."

"हो."

"कडेला लिहिलेलं वर—"

"घेत नाहीत. माहीत आहे, गुरुजी. तुम्ही वाचलंत ना? तुम्ही घ्या."

हेडमास्तरांनी कागद खाली ठेवला. "मदतनीस मागून बघतो. कधी येईल, देव जाणे." मग खुर्ची पुढे ओढून विचारलं, "नाव काय बाळ तुझं?"

खारूच्या सदऱ्याच्या ओल्या काठातून थेंब पडला. एक, दोन. हेडमास्तरांचा पाय हलायला लागला. तीन. त्यांनी तोंड उघडलं, आणि कलमवालीने तळहात वर केला. त्यांनी तोंड मिटलं. कदाचित तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणी गप्प बसवलं असेल. आठ. नऊ. दहा. बाहेर कुणीतरी पाढे म्हणत होतं, त्याने तिची मोजणी चुकत होती. तेरा. हेडमास्तरांचा पाय थांबला. सोळा. कलमवालीने वर केलेला हात खाली घेतला नाही.

"मी खारू."

कलमवालीचा हात आपोआप खाली आला. पण खारूचं संपलं नव्हतं. तिने हेडमास्तरांच्या छातीकडे बोट केलं.

"तू?"

हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता.

"मी?" हेडमास्तर म्हणाले. त्यांनी आईकडे बघितलं, पुन्हा पोरीकडे बघितलं. "मी... मी हेडमास्तर."

"हं," खारू म्हणाली. पहिलं.

हजेरीपटावर तिचं नाव त्यांनी सोमवारीच लिहून ठेवलेलं होतं, एकतिसावं, पेन्सिलीने.